लाज नको, तपासणी हवी : गुदाशयाचा कर्करोग आणि त्यावरील उपचार

विनयपिटकातील महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याची एक हकीकत आहे. राजाला भगंदराची व्याधी जडली होती. रक्ताने त्याची वस्त्रे डागाळत असत. ते पाहून राण्या थट्टा करीत, की महाराजांना आता मासिक पाळी येऊ लागली! राजा शरमेने खाली मान घाली. पण तो गप्प मात्र बसला नाही. त्याने राजपुत्र अभयाजवळ आपले दुखणे उघड केले आणि वैद्य बघण्यास सांगितले. अभयाने तरुण जीवकाला पाठविले. जीवकाने मलम लावून राजाला बरे केले आणि पुढे तोच राजवैद्य व भिक्खुसंघाचाही वैद्य झाला.

भगंदर हा निराळा आजार आहे. आज आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत तो गुदाशयाचा कर्करोग त्याहून पुष्कळ गंभीर आहे. परंतु दोन्हींची जागा एकच आणि शरमही तीच. आपल्याकडे म्हण आहे, अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर. म्हणीत हसू येते, घरात मात्र त्याचे रडू होते. अडीच हजार वर्षांपूर्वी राजाने जे बोलून दाखविले, ते आपल्यातील शिकलेली माणसेही आज बोलत नाहीत. या लेखाचे कारण एवढेच आहे.

प्रथमच सांगितलेले बरे की आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. घरातील आजारपणात दवाखान्यांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते समाजबांधवांसमोर व विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहोत. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमची चूक

२०२१ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पीककर्जाच्या कामाने बँकेत आले होते. वय बावन्न, कास्तकार माणूस, अंगाने धडधाकट. काम आटोपल्यावर काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "बापू, शौचाच्या वेळी रक्त पडते." आम्ही इकडेतिकडे पाहिले आणि तितक्याच हळू आवाजात म्हणालो, "मूळव्याध असेल भाऊजी. तिखट कमी करा, ताक प्या." विषय तिथेच संपला. खरे सांगायचे तर तो लवकर संपावा अशीच आमची इच्छा होती.

त्यानंतर त्यांनी आठवडी बाजारातील जडीबुटीवाल्याचे चूर्ण घेतले. मग कुणीतरी सांगितले म्हणून मूळव्याधीचे इंजेक्शन देणाऱ्याकडे जाऊन आले. आठ महिने असेच गेले. वजन नऊ किलोने उतरले. या आठ महिन्यांत एकानेही त्यांना आडवे करून तपासले नाही. शेवटी मार्च २०२२ मध्ये एका तरुण डॉक्टरने हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. "आत गाठ लागते आहे. उद्याच नागपूरला निघा," एवढेच तो म्हणाला. दोन मिनिटांच्या तपासणीला आठ महिने लागले आणि त्यातील पहिली दिरंगाई आमच्याच काउंटरवर झाली.

हा रोग आहे तरी काय?

आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याचा अगदी शेवटचा, वीतभरापेक्षा थोडा कमी असा बारा ते पंधरा सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. मळ बाहेर पडण्यापूर्वी तेथे साठतो. आतड्याला आतून मऊ अस्तर असते. त्या अस्तरातील पेशी सतत झिजतात व नव्या तयार होतात. कधी कधी हा हिशेब चुकतो. एके ठिकाणी पेशी गरजेपेक्षा अधिक वाढतात आणि चामखिळीसारखा कोंब तयार होतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र हळूहळू कर्करोगात रूपांतर होते आणि त्याला साधारणतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे हा रोग आपल्याला सावध होण्यास पुष्कळ अवधी देतो. पॉलिप असतानाच दुर्बिणीतून काढून टाकला तर कर्करोग होतच नाही.

अस्तरातील ग्रंथींपासून होणाऱ्या या कर्करोगाला अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक याच जातीचे असतात. तो आधी अस्तरात, मग आतड्याच्या भिंतीत, नंतर शेजारच्या लसिकाग्रंथींत आणि शेवटी यकृत किंवा फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. या प्रवासाच्या टप्प्यांवरून डॉक्टर पहिली ते चौथी अवस्था ठरवितात.

अवस्थेचे महत्त्व किती आहे, हे अमेरिकेतील आकड्यांवरून कळते. रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर शेकडा ९० च्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर हेच प्रमाण शेकडा २० च्याही खाली येते. रोग तोच असतो, फरक पडतो तो केव्हा सापडला याने.

जगात २०२२ साली मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या घरात होती. आपल्या लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. पण यातच एक धोका दडलेला आहे. रोग विरळा असल्यामुळे रुग्णाच्या व कधी कधी डॉक्टरच्याही मनात त्याची शंका येत नाही.

मूळव्याध की कर्करोग?

मूळव्याधीत बहुधा लालभडक रक्त शौचानंतर थेंबथेंब पडते. कर्करोगात ते पुष्कळदा मळात मिसळलेले, थोडे काळपट आणि चिकट आवेसह असते. परंतु हा फरक घरी बसून ओळखता येत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून पुढील लक्षणे तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिली, तर तपासणी करून घ्यावी.

१) शौचावाटे रक्त किंवा आव पडणे.
२) नेहमीच्या सवयीत बदल होणे, म्हणजे कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ.
३) पोट साफ झाले नाही असे वाटून पुन्हा पुन्हा शौचास जावे लागणे.
४) मळ पूर्वीपेक्षा बारीक होणे.
५) कारण नसताना वजन घटणे, अशक्तपणा येणे, अंगातील रक्त कमी होणे.

रक्त एकदाच पण पुष्कळ पडले, तर तीन आठवडेही थांबू नये.

येथे एक गोष्ट भगिनींसाठी. खेड्यात अजूनही काही बाया पहाटेच्या अंधारात बाहेर जातात. अंधारात रक्त दिसत नाही. दिसले तरी पाळीचे असेल म्हणून सोडून दिले जाते. अशक्तपणा आला तर लोहाच्या गोळ्या घेऊन दिवस काढले जातात. पाळी थांबलेल्या स्त्रीचे किंवा कोणत्याही प्रौढ पुरुषाचे रक्त कमी झाले, तर ते कोठून जाते आहे याचा शोध घेतलाच पाहिजे. गोळी त्यानंतर.

तरुणांनी बेसावध राहू नये

हा म्हाताऱ्यांचा रोग, असा समज आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१३-१४ या एका वर्षातील ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आहे. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने साठी ओलांडलेल्यांत आढळतो, तर आपल्याकडे ऐन कर्त्या वयातील माणसे सापडली.

याच पाहणीत सुमारे शेकडा १३ रुग्णांना सिग्नेट रिंग सेल या जातीचा कर्करोग होता. या जातीत पेशीच्या आत चिकट द्रव साठतो आणि पेशीचे केंद्रक एका कडेला ढकलले जाते. सूक्ष्मदर्शकातून ती पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते, म्हणून हे नाव. ही जात लवकर पसरणारी आहे आणि तरुणांत तुलनेने अधिक दिसते. तेव्हा "या वयात काय होते?" हे वाक्य पंचविशीतल्या मुलानेही म्हणू नये.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा रोग झाला असेल, त्यांनी डॉक्टरांना आवर्जून तसे सांगावे. अशा व्यक्तींनी साधारणतः चाळिशीत, किंवा घरातील रुग्णाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, दुर्बिणीची तपासणी करावी असा वैद्यकीय सल्ला आहे.

सवयींविषयीही दोन शब्द. विडी-सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बैठे काम आणि मीठ किंवा धूर देऊन टिकविलेले मांस यांचा या रोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. आपली ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हा कोंडा-चोथ्याचा आहार चांगलाच आहे. खर्रा तोंडाचा कर्करोग आणतो, हे आता लहान पोरालाही माहीत आहे, तरी तो सुटत नाही. मात्र चांगला आहार म्हणजे हमी नव्हे. आमचे भाऊजी निर्व्यसनी होते.

तपासण्या

पहिली तपासणी बोटाची. गुदद्वारापासून सात-आठ सेंटीमीटरपर्यंतचा भाग बोटाला लागतो, त्यामुळे गुदाशयाच्या अनेक गाठी याच तपासणीत कळतात. तिला यंत्र लागत नाही. डॉक्टरने स्वतःहून केली नाही तर रुग्णाने म्हणावे, "साहेब, आतून तपासून घ्या." स्त्रियांनी महिला डॉक्टरांकडे जावे किंवा सोबत बाई असू द्यावी.

त्यानंतर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. तीत संपूर्ण मोठे आतडे पाहतात व गाठीचा लहानसा तुकडा काढतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोगाची खात्री होत नाही व जात कळत नाही. मग ओटीपोटाचा एमआरआय आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन करून रोग किती पसरला ते पाहतात. सीईए नावाची एक रक्ततपासणी असते. ती निदानासाठी पुरेशी नसते, पण उपचारानंतर रोग परततो आहे का हे पाहण्यास उपयोगी पडते.

अनेक देशांत पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर निरोगी माणसांच्याही मळातील न दिसणारे रक्त तपासले जाते. आपल्या देशाच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. म्हणून येथे कुणी दारात येऊन विचारणार नाही. पहिले पाऊल आपणच टाकायचे आहे.

उपचार कसे असतात?

१९०८ साली लंडनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय व गुदद्वार पूर्णपणे काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर रुग्णाला मळासाठी कायमची पोटावर वाट ठेवावी लागे. पुष्कळ वर्षे हाच मुख्य उपाय होता. तरीही रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण मोठे होते. १९८२ मध्ये इंग्लंडच्याच बिल हील्ड यांनी दाखवून दिले, की गुदाशयाभोवतीची चरबी व लसिकाग्रंथी त्यांच्या नैसर्गिक आवरणासकट एक पुडके काढावे तशा अखंड काढल्या, तर रोग परतण्याचे प्रमाण एकदम घटते. आज जगभर ही पद्धत मान्य आहे.

दुसरे साधन किरणोपचार. भाषेत आपण त्याला शेक देणे म्हणतो. १९९७ साली स्वीडनमधील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेपूर्वी केवळ पाच दिवस किरण दिलेल्या रुग्णांत पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण शेकडा २७ वरून ११ वर आले. २००४ मध्ये जर्मन अभ्यासाने सांगितले, की किरण व औषधे शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी देणे अधिक हिताचे. "ऑपरेशन लगेच का करत नाहीत?" म्हणून घरची माणसे डॉक्टरांवर रागावतात. आम्हीही रागावलो होतो. आधी किरण देऊन गाठ लहान करणे हा उपचाराचाच भाग आहे, हे नंतर कळले.

भाऊजींना सुमारे साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण दिले आणि सोबत कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या. काही आठवडे थांबून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर औषधांच्या सलाइनी. त्यांतील ऑक्झालिप्लाटिन या औषधाने गारव्याचा त्रास होतो. माठातील पाणी प्यायले तरी घशात टोचल्यासारखे वाटते, थंड वस्तूला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. त्या काळात कोमट पाणी द्यावे. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. ही लक्षणे लपवू नयेत, डॉक्टर मात्रा बदलून देतात. त्रास झाला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणे सर्वांत वाईट. ज्या तरुण रुग्णांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी किरण सुरू होण्यापूर्वीच तसे डॉक्टरांना सांगावे.

संशोधन पुढे जात आहे. किरण व औषधांनी गाठ पूर्ण विरघळली, तर शस्त्रक्रिया न करता कडक देखरेख ठेवण्याचा मार्ग ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखविला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गुदाशयाच्या १२ रुग्णांना केवळ दोस्तारलिमॅब हे प्रतिकारशक्ती जागविणारे औषध दिले आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. ही बातमी वाचून हुरळून जाऊ नये. असा दोष शेकडा पाच ते दहाच रुग्णांत असतो. पण तुकड्यावर ती तपासणी झाली का, हे विचारण्यास हरकत नाही.

पिशवीचे भय

गाठ गुदद्वारापासून वर असेल तर आतडे पुन्हा जोडता येते. जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर तात्पुरती वाट करतात व नंतर ती बंद करतात. गाठ अगदी खाली, स्नायूंत शिरलेली असेल तर वाट कायमची राहते. तिला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटणारी पिशवी लावून ती वेळोवेळी रिकामी करायची असते. पिशवी नीट बसली तर वास येत नाही. पिशवी लावून माणूस शेती करतो, एसटीने फिरतो, लग्नकार्यात पंगतीला बसतो. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांना मार्गदर्शन करते.

भाऊजींना कायमची पिशवी आली. शरीर सुधारले, पण त्यांनी विहारात येणे सोडले. बहीण एकदा म्हणाली, "ते म्हणतात, लोक नाक दाबतील." कर्करोगाने जे केले नाही ते आपल्या नजरेने केले. महावग्गातच दुसरी कथा आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवून दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला जाब विचारला आणि रुग्णाची सेवा ती माझीच सेवा, अशी शिकवण दिली. ही कथा वर्षावासात आपण ऐकतो. ती पाळण्याचा प्रसंग आपल्या शेजारीच आलेला असतो.

पैसा आणि प्रवास

घाटंजीचा माणूस "कॅन्सर" ऐकताच आधी शेतीचा सातबारा आठवतो. घाई करू नये. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरण व औषधोपचार होतात. २०२३ मध्ये शासनाने कुटुंबासाठीची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि पैसे भरण्यापूर्वी भेटावे.

तपासणीसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेथीलच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल १९४१ पासून रुग्णसेवेत आहे. तेथे जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णालयाचे प्रमाणपत्र असल्यास कर्करोगग्रस्ताला स्लीपर वर्गात भाडे लागत नाही व सोबत्यालाही मोठी सवलत मिळते.

आपण काय करावे?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करणारे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे सांगत आणि रुग्णालयात यायला उद्युक्त करीत. काही वर्षांनी आढळले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. कोणतेही मोठे यंत्र गावात गेले नव्हते. फक्त बोलणे झाले होते. जे तिकडच्या बायांना जमले ते आपल्याला का जमू नये?

आमची सूचना साधी आहे. संस्थेच्या वर्षातील एका सभेत अर्धा तास या विषयासाठी ठेवावा. पुरुषांची व महिलांची बैठक वेगळी घ्यावी, डॉक्टरांना बोलवावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीआजोबांना, आईवडिलांना वरील पाच लक्षणे वाचून दाखवावीत. आणि कुणी दबक्या आवाजात "रक्त पडते" असे म्हटले, तर त्याला ताक सुचवू नये. त्याच्यासोबत दवाखान्यात जावे.

भाऊजींच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन वर्षांच्या तपासण्यांत रोग परतलेला आढळला नाही. पाच वर्षे नियमाने तपासणी करायची असते, त्यामुळे डॉक्टर अजून बिनधास्त राहू देत नाहीत. गेल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही त्यांना घरी जाऊन घेऊन आलो. ते दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसले होते. वंदना झाल्यावर शेजारच्या गावातील एक गृहस्थ त्यांच्याजवळ सरकले आणि बराच वेळ काहीतरी कानात विचारीत राहिले. भाऊजींनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने यवतमाळला जाऊ. मी येतो संगं."